मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला

बँकेत निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या तारखेला होते. वाढदिवस पाच तारखेला असो की पंचवीस, निरोप शेवटच्या दिवशीच. संध्याकाळी काउंटर बंद होतात, कॅश जुळते, मग हॉलमधल्या खुर्च्या वळवायच्या. टेबलावर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सामोसे आणि वेफर्सच्या डिश. निवृत्त होणाऱ्याच्या घरची माणसं पहिल्या रांगेत अवघडून बसलेली. मॅनेजर बोलतात, युनियनचा प्रतिनिधी बोलतो, आणि मग कुणीतरी मागे वळून जाहीर करतं, "आता मॅडम दोन शब्द बोलतील." मॅडमनाही ते त्याच क्षणी कळतं.

गेली कित्येक वर्षं त्या मॅडम म्हणजे मी. शाखा बदलल्या, फोर्टमधून मुलुंडला आले, मॅनेजर तर किती आले नि गेले, पण हे काम माझ्यामागे येत राहिलं. "तुम्हाला ऐन वेळी सुचतं कसं?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्या आजूबाजूला कामात वाघ असलेली माणसं आहेत. बॅलन्सशीट तोंडपाठ, नियम तोंडपाठ, आणि चारचौघांत उभं राहायची वेळ आली की खाली मान घालतात. मग प्रमोशन दुसऱ्याला मिळतं, सोसायटीचा सेक्रेटरी दुसराच होतो, आणि यांची खरी गोष्ट कुणाच्या कानावर जात नाही. त्यात बायका जास्त. हे मला मनापासून खटकतं.

माझं उत्तर एकच आहे. उभी राहिले की मी नवीन काही सुचवायच्या मागे लागत नाही. त्या माणसाची किंवा त्या कामाची मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट घेते, ती सांगते आणि बसते. ऐन वेळी करायचं काम एवढंच. बाकीचं आधी, रोजच्या दिवसात, झालेलं असतं.

आमच्या शाखेतल्या दफ्तरीमामांचा निरोप सांगते, म्हणजे कळेल. दफ्तरी हे बँकेतलं जुनं पद. दिवसभराच्या स्लिपा, चेक, विड्रॉवलचे फॉर्म, सगळी व्हाउचरं दुसऱ्या दिवशी लावून घ्यायची, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायची, वर तारीख घालायची आणि पुडकं रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचं, हे त्यांचं काम. मामा अबोल. त्यांच्याबद्दल काय बोलणार, असा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांनाच पडला होता. मॅनेजरसाहेब बोलले, "प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ." युनियनवाले बोलले, "मनमिळाऊ, कष्टाळू, प्रामाणिक." मामांची पत्नी पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. हे शब्द दर महिनाअखेरीस प्रत्येकाला लावले जातात, आणि घरच्यांनाही ते कळतं.

माझं नाव घेतलं तेव्हा माझ्याकडे भाषण नव्हतं. पण मामा व्हाउचरं शिवताना मी पाहिले होते. गठ्ठा टेबलावर आधी उभा आपटायचा, मग आडवा आपटायचा, कडा एकसारख्या झाल्या की अंगठ्याने दाबून धरायचा आणि दाभण घालण्याआधी वरून खालपर्यंत एकदा पानं चाळायची. ते चाळणं कशासाठी, हे मी एकदा त्यांना विचारलं होतं. मी उभी राहिले आणि तेच सांगितलं:

"आपल्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन मामांनी शिवलेलं कुठलंही पुडकं उघडा. एकाही कागदावर सही टाक्याखाली गेलेली दिसणार नाही. ज्या कागदावर सही अगदी कडेला आहे, तो त्यांनी थोडा बाहेर सरकवून शिवलाय. मी त्यांना विचारलं होतं, मामा, एवढं कशाला? ते म्हणाले, माणसाची सही आहे मॅडम, तिच्यावरून सुई कशी घालायची? कोर्टाच्या कामासाठी एकदा जुना चेक लागला, तेव्हा तो लगेच सापडला आणि त्यावरची सही स्वच्छ होती. खातेदाराचं काम झालं. मामा कोण आहेत हे त्या खातेदाराला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. मामा, नमस्कार करते."

मिनिटभरही लागलं नसेल. मामांच्या पत्नीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. नंतर डिश हातात घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हे घरी कधी बोलले नाहीत हो."

यात वक्तृत्व काय आहे? काही नाही. एकही अलंकारिक वाक्य नाही. पण पाहिलेलं होतं, आणि एकच होतं. ऐन वेळी बोलताना माणसं गडबडतात ती बहुतेकदा सगळं सांगायला जाऊन. एकोणतीस वर्षांची नोकरी, स्वभाव, कुटुंब, पुढच्या आयुष्याच्या शुभेच्छा, सगळं दोन मिनिटांत बसवायचं म्हटलं की डोक्यात गर्दी होते आणि तोंडातून फक्त विशेषणं बाहेर पडतात. एक गोष्ट धरली की पुढचं वाक्य आपोआप येतं, कारण घडलेल्या गोष्टीला क्रम असतो. आधी काय झालं, मग काय झालं. तो क्रम आठवायला तयारी लागत नाही.

हे मी शिकले ते लालबागला. माझे वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. पाळी सुटताना गेटवर सभा व्हायच्या. माईक असला तर असला, नाहीतर नुसत्या गळ्यावर. वडील मोठे पुढारी नव्हते, पण मुख्य वक्ता यायला उशीर झाला की "बोला हो तुम्ही तोवर" म्हणून त्यांना पुढे करायचे. मी लहान होते, डबा द्यायच्या निमित्ताने आईबरोबर जायचे आणि पाहायचे. वडील दगडावर चढण्याआधी गेटातून बाहेर येणाऱ्या एकदोघांना गाठायचे. "काय रे, आज साचा किती वेळ बंद होता? का?" आणि मग वर चढून पहिलं वाक्य तेच: "आज अमक्या साच्यावर धागा सारखा तुटत होता, कारण सूत हलकं दिलंय." गर्दी लगेच थांबायची, कारण प्रत्येकाने दिवसभर तेच सोसलेलं असायचं. मागण्या त्यानंतर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते गिरणगावातल्या बहुतेक घरांत झालं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. इथे एवढंच, की वडिलांच्या बोलण्यातला भरवसा त्या पहिल्या वाक्यात असायचा, आणि ते वाक्य त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी कुणाला तरी विचारून मिळवलेलं असायचं.

मला काही सांगायला मिळालं तर मी बोलेन, पण पाय थरथरतात त्याचं काय, हा पुढचा प्रश्न. रास्त आहे. नाव पुकारलं की पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, कान गरम होतात. शरीराला धोका वाटला की ॲड्रेनलिन सुटतं, त्याचा हा परिणाम. अनोळखी, निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करायला लावणं हे इतकं हमखास ताण आणणारं आहे, की जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 मध्ये माणसाच्या शरीरातला ताण मोजण्यासाठी त्याचीच चाचणी बनवली. पाच मिनिटं भाषण, त्यानंतर तोंडी वजाबाक्या. आजही ताणावरच्या संशोधनात ती वापरतात. त्यामुळे तुम्हाला धडधडतं यात तुमचा दुबळेपणा नाही. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना तुमच्या जागी तेच झालं असतं.

मला यातलं सगळ्यात उपयोगी वाटलेलं काम केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांचं आहे, 2003 सालचं. बोलणाऱ्याला वाटतं, माझी घबराट सगळ्यांना लख्ख दिसतेय. ऐकणाऱ्यांना ती त्याच्या अंदाजापेक्षा बरीच कमी दिसते. पुढची गोष्ट मला फार आवडते. ज्यांना भाषणाआधी नुसतं एवढं सांगितलं, की तुमची घबराट तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही, त्यांची भाषणं अधिक चांगली झाली, आणि हे त्यांना स्वतःलाही वाटलं नि ऐकणाऱ्यांनाही. म्हणून मी हे भेटेल त्याला सांगते. तुम्हालाही सांगते आहे. आतली धडधड आतच असते.

श्वासाचं एक करता येतं. नाव पुकारल्यावर खुर्चीतून उठता उठता श्वास सावकाश, पूर्ण सोडायचा. घ्यायचा विचारच करायचा नाही, सोडला की तो आपोआप येतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते, शरीराची रचनाच तशी आहे. शिवाय भरलेल्या छातीने पहिलं वाक्य बोलायला गेलं की आवाज चिरकतो. माईकपर्यंतची चार पावलं एवढ्यासाठी पुरतात. मी साडीचा पदर नीट करते, तोही वेळ माझाच असतो. कुणी घाई करत नाही. आणि हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये दाखवलं, की बोलण्याआधी "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं म्हणणारे बरे बोलतात. धडधड दोन्हीकडे सारखीच, तिला नाव वेगळं द्यायचं. मला हे पटतं. आपल्याकडे मात्र "घाबरू नकोस" हाच सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, आणि तो ऐकून आजवर कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही.

आणखी एक विचार मला धीर देतो. आपण दिवसभर बिनतयारीचंच बोलतो. लोकलमध्ये चौथ्या सीटवरून भांडतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो, शाळेतून फोन आला की उत्तर देतो. जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत जाणारा वेळ त्यांनी मोजला, तर तो सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. सेकंदाचा पाचवा हिस्सा! म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं उत्तर आत तयार होत असतं. ही ताकद प्रत्येकात आहे. सभेत ती गायब होते, कारण तिथे आपण कुणाशी बोलत नसतो, सगळ्यांसमोर बोलत असतो. म्हणून मी गर्दीतला एक चेहरा निवडते आणि पहिली दोन वाक्यं फक्त त्या माणसाला सांगते. दफ्तरीमामांच्या वेळी तो चेहरा त्यांच्या पत्नीचा होता.

आता अवघड प्रसंग. सांगायला गोष्ट नाही, समोर रागावलेली माणसं आहेत, आणि उत्तरं तुमच्याकडेही पूर्ण नाहीत. 2016 च्या नोव्हेंबरमधली दहा तारीख. आठ तारखेच्या रात्री 500 आणि 1,000 च्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर झालं, नऊला बँका लोकांसाठी बंद होत्या, आणि दहाला सकाळी मी शाखेत पोचले तेव्हा रांग कोपऱ्यावरच्या मेडिकलला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेली होती. शटर अर्धं वर. आतल्यांना बाहेर बघवत नव्हतं, बाहेरच्यांना आत काय चाललंय ते कळत नव्हतं. मॅनेजर तेलुगू भाषक, भला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, बाहर आप ही बोलिए."

वॉचमनच्या स्टुलावर चढले. समोर पहिल्या दहा माणसांत एक भाजीवाली होती, साठीच्या पुढची, हातात रुमालात बांधलेल्या नोटा. मी तिच्याकडे बघून बोलायला लागले. जे बोलले ते मला अजून जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण त्या दिवशी तेच पुन्हा पुन्हा बोलावं लागलं.

"नमस्कार. आज एका माणसाला 4,000 रुपयांपर्यंतच्या नोटा बदलून मिळतील. त्यासाठी फॉर्म आणि ओळखपत्र लागेल. फॉर्म आम्ही रांगेतच वाटतो, कुणी विकत घेऊ नका. ज्यांना स्वतःच्या खात्यात पैसे भरायचे आहेत, त्यांना 30 डिसेंबरपर्यंत मुदत आहे, ते आज घरी गेले तरी चालेल. खात्यातून आज 10,000 पर्यंत काढता येतील. आमच्याकडची कॅश किती वाजेपर्यंत पुरेल, ते मला आत्ता माहीत नाही. कळलं की मी इथेच येऊन सांगेन. म्हातारी माणसं आणि पोटुशी बाई असेल तर पुढे येऊ द्या, एवढं माझं ऐका."

तेच हिंदीत. एकजण ओरडला, "तुम्हालाच माहीत नाही तर कुणाला माहीत?" मी म्हटलं, "खरं आहे. म्हणून अर्ध्या तासाने परत येते." आणि परत गेले. सांगायला नवीन काही नव्हतं तरी गेले, तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला रांगेतलेच लोक मागच्यांना समजावत होते, "मॅडम येतायत, थांबा."

त्या स्टुलावर मला कळलं, की गोष्ट नसेल तेव्हा तीन खुंट्या पुरतात: काय नक्की आहे, काय अजून कळलेलं नाही, आणि पुढची खबर मी कधी देणार. घरी आजारपण आलं आणि नातेवाईक फोनवर फोन करू लागले, तेव्हाही मी याच तीन खुंट्यांवर बोलले. "माहीत नाही" हे वाक्य आत्मविश्वासाने बोलायला येणं, माझ्या मते, ऐन वेळच्या बोलण्यातली सगळ्यात मोठी कमाई आहे. थापा मारणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत जोरदार वाटतो. रांगेत तिसऱ्या तासाला त्याचं कुणी ऐकत नाही.

सध्या आमच्याकडे एक प्रोबेशनरी ऑफिसर आहे, यवतमाळकडची. अतिशय हुशार मुलगी. रीजनल ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये तिला अचानक विचारलं, "तुमच्या शाखेत या तिमाहीत थकीत कर्जं का वाढली?" ती सुरुवातीपासून सांगू लागली. आधी कर्जं कुणी दिली, मग कागदपत्रं कशी होती, मग बाजार कसा पडला... तिचं उत्तर येण्याआधीच वरिष्ठांनी दुसऱ्या शाखेचं नाव घेतलं. मीटिंग संपल्यावर पॅन्ट्रीत डोळे पुसत होती.

"मॅडम, मला सगळं येत होतं."

"येत होतंच गं. पण त्यांनी विचारलं 'का', आणि तू सांगितलंस 'कसं'. कशामुळे वाढली?"

"दोन मोठी खाती. दोन्ही एकाच बिल्डरच्या कामावर अवलंबून."

"हेच पहिलं वाक्य. उत्तर आधी, इतिहास नंतर, आणि इतिहास विचारला तरच. आकडा हाताशी नसेल तर काय म्हणशील?"

"सॉरी म्हणेन."

"सॉरी कशाला? आकडा चार वाजेपर्यंत मेल करते, असं म्हण. आणि पावणेचारला कर."

आता ती शनिवारी टोस्टमास्टर्सच्या क्लबला जाते. अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये सुरू केलेली, भाषणाचा सराव करून घेणारी ही संस्था आज मुंबईतही ठिकठिकाणी आहे. त्यांच्यात एक भाग असतो, टेबल टॉपिक्स. विषय तिथेच मिळतो, एक ते दोन मिनिटं बोलायचं. एका मिनिटाला हिरवा दिवा, दीडला पिवळा, दोनला लाल. मध्ये किती वेळा अं-अं केलं तेही एकजण मोजतो. हे मोजणं मला फारसं रुचत नाही. "म्हणजे", "काय आहे की" हे शब्द बोलताना यायचेच, त्यावर लक्ष ठेवायला गेलं तर सांगायची गोष्ट निसटते. पण लाल दिवा मला फार आवडतो. आपल्या समारंभांत तो असायला हवा होता.

आपल्याकडे या विद्येची स्वतःची परंपरा आहे आणि ती आपण विसरतो, याचं मला वाईट वाटतं. दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्थेत कीर्तनाचं रीतसर शिक्षण देतात. नारदीय कीर्तनाचा साचा ठरलेला: नमन, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचं निरूपण, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान. साचा पक्का म्हणूनच कीर्तनकार आत मोकळा असतो. पावसाने माणसं कमी आली, मुलं जास्त आली, समोर कुणी पेंगायला लागलं, तो तिथल्या तिथे दृष्टांत बदलतो. ऐकणाऱ्याला वाटतं, याला आत्ता सुचलं. त्यामागे शेकडो ओव्यांचं पाठांतर आणि ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींचा साठा असतो.

विवेकानंदांची गोष्ट शाळेत आपल्याला चमत्कारासारखी सांगतात. 31 मे 1893 ला ते मुंबईहूनच बोटीने निघाले. 11 सप्टेंबरला शिकागोत बाकीचे वक्ते लिहून आणलेली भाषणं घेऊन बसले होते आणि यांच्याकडे काहीच नव्हतं, हे त्यांनी स्वतः नंतर पत्रात लिहिलंय. आपली पाळी ते पुढे ढकलत राहिले, मग सरस्वतीला नमस्कार करून उभे राहिले. मला यात चमत्कारापेक्षा त्याआधीची वर्षं दिसतात. देश पालथा घातला होता त्यांनी, संस्थानिकांपासून झोपडीपर्यंत माणसांशी बोलत. कागद कोरा होता, पण माणूस भरलेला होता. मुलांना हा अर्धा भागही सांगायला हवा.

आपण कीर्तनकार नाही आणि विवेकानंदही नाही, पण साठा करणं कुणालाही जमतं. मी डायरीत आठवड्यातून एखादी ओळ लिहिते. कुणी काय केलं, कसं केलं. शिपायाने पावसात भिजलेले चेक पंख्याखाली दोरीवर क्लिपांनी कसे टांगले. पेन्शनर आजोबा पासबुक भरून घ्यायला कसे नेहमी दोन पेनं आणतात, एक स्वतःला, एक विसरणाऱ्याला. कधी लागेल माहीत नाही. बहुतेक ओळी लागतही नाहीत.

काय गाळायचं, त्यावरही माझी ठाम मतं आहेत. "मला बोलायची सवय नाही", "माझी काही तयारी नाही" ही वाक्यं बोलू नका. ऐकणारा तुमच्या बाजूने असतो, त्याला विनाकारण काळजीत टाकू नका. "व्यासपीठावरील सर्व सन्माननीय" म्हणत यादी वाचू नका. "नमस्कार मंडळी" पुरतं. आणि शेवट सापडला की थांबा. "आणखी एक सांगतो आणि थांबतो" म्हणणारे तिथून पुढे दहा मिनिटं बोलतात, आणि मागे चहा गार होतो.

शोकसभेचं तेवढं वेगळं आहे. तिथे गोष्ट अजून लहान हवी. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई गेल्या, तेव्हा मला बोलायला सांगितलं. मी एवढंच बोलले, की त्या जिन्यात भेटल्या की माझ्या हातातली जड पिशवी न विचारता घ्यायच्या आणि आमच्या मजल्यापर्यंत यायच्या, गुडघे दुखत असताना. गळा दाटून आला, थांबले, परत बोलले. रडू येणं हे बोलणं बिघडणं नव्हे. सभागृहाला घाई नसते.

आणि ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी स्टेज शोधत बसू नये. मुंबईत आपल्या इमारतीतच ते आहे. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, चौदा दिवस आधी नोटीस फळ्यावर लागते. विषयपत्रिकेत सगळ्यात खाली पाहा: "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, गणपती मंडळाचा माईक, आणि ओळखीचीच माणसं. त्या विषयाला बहुतेकजण उठून चहाकडे जातात, म्हणजे गर्दीही कमी. तुमच्या मजल्यावर पाणी सकाळी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? आठवडाभर बघून ठेवा. उठा, श्वास सोडा, सेक्रेटरीकडे न बघता शेजारच्या काकूंकडे बघा, आणि सांगा: "आमच्याकडे सव्वासहाला पाणी येतं आणि सात वाजता जातं. टाकीचा व्हॉल्व्ह तपासायला हवा. प्लंबरला कधी बोलावणार?" आणि तारीख मिळेपर्यंत उभ्याच राहा.